पाद्रीसाहेब, थोडं सरकून बसा

बूट पायात घालण्याआधी उलटे करून आपटा. काही पडलं नाही? पुन्हा आपटा. विंचवाला घाई नसते. आता राहुटीचा पडदा बाजूला सारा आणि बाहेर या.

थंडी कान चावतेय. पौषाचे दिवस आहेत. आमराईत पानापानांवरून दव गळतंय, जाम नदीच्या पात्रावर धुकं पसरलंय आणि वर गावाला नुकती जाग येतेय. लोधीखेडं डोळ्यांना दिसायच्या आधी नाकाला कळतं. गोवऱ्यांचा धूर, ओला कडबा, शेणसडा, कुणाच्या तरी तव्यावरची पहिली भाकर. पण या सगळ्यांवर कडी करतोय तो तुमच्या अंगावरचा काळा लोकरी कोट. नागपूर सोडल्यापासून तो धुतलेला नाही. धुतला तर वाळेपर्यंत घालायला दुसरा नाही.

खानसाम्यानं आरसा धरलाय, त्यात बघून घ्या. नाक लालबुंद, कानांची सालं निघालेली, दाढी तांबूस आणि विरळ, वय सव्वीस. आजच्या दिवसापुरतं हे तोंड तुमचं. स्कॉटलंडातल्या एका गारठलेल्या गावात तुम्ही वाढलात, एडिंबरोत धर्मशास्त्र शिकलात, आणि मिशनरी मंडळानं तुम्हाला जहाजात बसवून इकडे रवाना केलं. वर्गातला तुमचा सोबती जमैकाला गेला. त्याच्या पत्रांत निळा समुद्र, नारळ, उसाचे मळे आणि पिवळा ताप असतो. तुमच्या पत्रांत तूर, धूळ आणि साधा ताप. कुणाचं नशीब बरं, यावर तुमचा आणि त्याचा पत्रातून वाद चाललाय. एक मुद्दा मांडला की उत्तर यायला कित्येक महिने जातात, त्यामुळे भांडण कसं अगदी सभ्य राहिलंय.

साल १८५४ च्या आगंमागं धरा. नागपुरात तुमचे वरिष्ठ आहेत रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप, म्हणजे ज्यांचं नाव आज हिस्लॉप कॉलेजच्या पाटीवर आहे तेच. १८४५ मध्ये ते नागपुरास आले तेव्हा तेही सत्तावीसच वर्षांचे होते. दुसऱ्याच वर्षी त्यांनी शाळा काढली, मराठी शिकले, आणि हिवाळा लागला की सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासोबत बैलगाडी घेऊन गावोगाव हिंडू लागले. हे दोघे खरे. तुम्ही मात्र माझ्या कल्पनेतले, त्यांच्या हाताखालचे एक बिननावाचे पोरसवदा पाद्री. यंदा त्यांनी तुम्हाला सावनेर, केळवद करत या वाटेनं छिंदवाड्याकडे पाठवलंय. सोबत एक रेंगी, दोन बैल, गाडीवान, कामठीच्या छावणीतला तमिळ खानसामा, आणि नागपूरच्या शाळेत शिकून ख्रिस्ती झालेला एक मराठी उपदेशक. त्याला सगळे मास्तर म्हणतात, तुम्हीही म्हणा.

आपल्याकडे मिशनऱ्यांवर लिहायचं तर दोनच साचे हाताशी असतात. एक तर तो संत, नाही तर कारस्थानी. या दोघांनाही घामोळं येत नाही, त्यांचं पोट बिघडत नाही, आणि कुणी थट्टा केली तर त्यांचे कान लाल होत नाहीत. तुमचं मात्र हे सगळं आज संध्याकाळपर्यंत व्हायचंय.

आधी पाणी. गावात विहीर आहे, चांगली बांधीव आहे, आणि ती तुमच्यासाठी नाही. तुम्ही साहेब असाल, टोपीवाले असाल, पण तुमचा हात पोहऱ्याला लागला तर विहीर बाटते. मास्तर जन्मानं इथल्याच मातीतला, पण आता तोही चालत नाही. म्हणून खानसामा घागर घेऊन नदीकडे निघाला की त्याच्यामागून जा. वाळूत हातभर खोल झिरा खणलेला आहे. काठाशी महारवाड्यातल्या बाया करवंटीनं पाणी भरतायत. थेंब थेंब साचतं, थेंब थेंब उपसावं लागतं. तुम्हाला पाहून त्या पदर सावरतात, चुकून तुमच्या रांगेत उभ्या राहिल्यागत एकमेकींकडे बघतात, आणि एक म्हातारी हातानंच खूण करते: भरा, तुम्ही भरा आधी. तुम्ही नाही म्हणता. ती पुन्हा खूण करते. या नाही-हो मध्ये झिऱ्यात पाणी वर येतं आणि दोघांचंही काम होतं. एडिंबरोच्या सभागृहात जातिभेदावर तुम्ही पाऊण तासाचं व्याख्यान ऐकलं होतं. त्यात हा झिरा नव्हता.

परत येता तर राहुटीसमोर माणसं बसलेली. चहा राहू द्या.

गोरा माणूस म्हणजे औषध, ही खबर तुमच्या आधी गावात पोचलेली असते. तुमच्या लाकडी पेटीत क्विनाइन आहे, एरंडेल आहे, गंधकाचं मलम आहे, तुरटी आहे. ज्ञान याहून कमी. पण समोर डोळे चिकटलेलं लेकरू आहे, महिनाभर एकांतरा ताप येणारा कुणबी आहे, खरजेनं रात्र रात्र जागणारी सून आहे. ती स्वतः काही बोलत नाही. तिची सासू बोलते, आणि सुनेच्या खरजेपेक्षा स्वतःच्या गुडघ्यांबद्दल जास्त बोलते.

पातळ औषध देऊ नका. तुमच्या हातचं पाणी पोटात गेलं तर घरी घ्यायचे नाहीत. कोरडी पूड पळसाच्या पानावर घाला, पान जमिनीवर ठेवा, दोन पावलं मागे सरा. तो पुढे होईल, उचलेल, कपाळाला लावेल. आता तुमच्या लक्षात येईल की या सबंध सकाळी एकाही माणसानं तुम्हाला स्पर्श केलेला नाही. शिवतात ती फक्त पोरं, आणि तीही पैज लावून. एकानं तुमच्या कोटाचं बटण ओढून बघितलंय. दुसरा विचारतोय की हातावरचे तांबडे केस रंगवलेत काय.

मग एक माणूस मुलाला खांद्यावर घेऊन येतो. पोर नऊ-दहा वर्षांचं असेल. पोटरीवर फोड फुटलाय आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्याचं टोक बाहेर आलंय. दोरा नव्हे. नारू. पायविहिरीत उतरून प्यायलेल्या पाण्यातून तो अंगात शिरतो, वर्षभर आत वाढतो आणि मग कातडी जाळत बाहेर पडतो. तुमच्या पोटात ढवळून येतं. पेटीत हात घालता, काय काढावं कळत नाही. बाप तुमच्याकडे बघतो, मग हळूच मुलाला खाली ठेवतो, कमरेची एक बारीक काडी काढतो आणि ते टोक तिच्यावर गुंडाळून अगदी सावकाश, बोटभर, ओढतो. थांबतो. बांधून ठेवतो. उद्या पुन्हा बोटभर. तुटला की पाय गेला.

“मंग तू कशाले आलास बाप्पा?” मास्तर त्याला विचारतो. “तुले तर येते सारं.”

“दुखते ना जी लेकराले. दुखायचं काही असंल तर द्या म्हटलं.”

दुखण्यावर देण्यासारखं तुमच्याकडे काही नाही. अफूचा अर्क नागपुरातच राहिलाय. तुम्ही खिशातलं बिस्किट मुलाला देता. बाप ते त्याच्या हातातून काढून घेतो, नम्रपणे पेटीवर परत ठेवतो. बिस्किटही शिजवलेलंच की.

आता जेवा. पाटलाकडून शिधा आलाय: ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ, वांगी, गुळाचा खडा, चिंचेचा गोळा. खानसाम्याला भाकरी थापता येत नाही, त्यामुळे गाडीवान शेणाच्या निखाऱ्यांत पानगे भाजतो. पळसाच्या दोन पानांमध्ये दाबलेला तो जाड गोळा बाहेरून करपलेला, आतून वाफाळता असतो. त्यावर खानसाम्याचं मिरपुडीचं झणझणीत वरण. दोन मुलखांची ही सोयरीक बेफाम जमलीय. वर जवसाची चटणी घ्या. जरा जपून. सांगितलं होतं जपून.

डोळ्यांतलं पाणी पुसा आणि चला, आज बाजार आहे.

बाजार दिसायच्या आधी ऐकू येतो. ठण् ठण् ठण्, मग दुसरीकडून ठणठण, मग दहा ठिकाणांहून एकदम. लोधीखेड्याची पितळेची आणि तांब्याची भांडी लांबवर नावाजलेली, आणि ती घडताना मुळीच मुकी नसतात. तांबटाच्या ओसरीत भाता फुसफुसतोय, कोळशाची ठिणगी उडतेय, उघड्या अंगाचा कारागीर पायांच्या बोटांत गुंड धरून गोल फिरवत ठोकतोय. घाव चुकत नाही. शेजारी एक पोरगी चिंचेच्या कोळानं पितळ घासतेय. आंबट, धातूचा असा एक वास दातांवर येऊन बसतो. बोलायचं असेल तर ओरडा. इथले तांबट सगळेच ओरडून बोलतात, घरी जेवतानासुद्धा.

पुढची आळी कोष्ट्यांची. तिथं आवाज निराळा, लाकडाचा, खडाक-खट, खडाक-खट. सुताला खळ देऊन रस्त्याच्या कडेनं ताणे पसरलेत, त्या शिळ्या पेजेच्या वासात माश्या घोंगावतायत. ताण्याला तुमचा कोट लागू देऊ नका. लागला. आता चार माणसं चार दिशांनी धावतील, तुम्हाला सोडवतील, आणि तुमचं नाव काहीही असलं तरी या आळीत तुम्ही पुढची वीस वर्षं ‘ताण्यात अडकलेला साहेब’ म्हणूनच ओळखले जाल.

मोकळ्या जागेत मात्र सगळं एकदम अंगावर येतं. मिरच्यांची रास, तिच्या खकाण्यानं शिंकणारी गिऱ्हाइकं. जवसाच्या तेलात तळली जाणारी भजी. तंबाखूच्या पेंढ्या. बोरं, हिरव्या तुरीच्या शेंगा, गुळावर माश्यांचं झाकण. वंजाऱ्यांचा तांडा मिठाच्या गोण्या घेऊन आलाय. बैलांच्या गळ्यांतल्या घंटा, शिंगांना कवड्या, आरशांनी लखलखणाऱ्या बाया. त्या बाजारात कुणालाच भीत नाहीत, तुम्हाला तर नाहीच. आणि अगदी कडेला, झाडांच्या सावलीत, डोंगरातून उतरलेले गोंड. हिरडा, चारोळी, डिंक, लाख, मोहफुलं. ते ओरडत नाहीत. टोपलं पुढे ठेवून गप बसतात. व्यापारी येतो, टोपलं हातानं उचलून अंदाज घेतो, मूठभर मीठ मोजतो. मूठ कुणाची मोठी, हा तिथला हिशेब, आणि ती मूठ नेहमी व्यापाऱ्याची असते.

दोन प्रहर झाले. सकाळी हाडांत शिरलेली थंडी कुठे गेली कोण जाणे. ऊन टोपीतून आत येतंय, लोकर पाठीला चिकटलीय, गळपट्टीखाली घामोळं टोचतंय. हीच तुमच्या कामाची वेळ. पिंपळाच्या पारावर चढा.

मास्तर आधी गातो. त्याचा आवाज गोड, चाल ओळखीची, त्यामुळे चार माणसं थांबतात. चारांना बघून चाळीस. मग तो सरकतो आणि तुम्ही उभे राहता. जीभ कोरडी. मोल्सवर्थचा कोश तुम्ही गाडीत घालून आणलाय, रात्री दिव्याखाली वाचता, पण तुमची मराठी पुणेरी शास्त्र्याच्या चालीची आणि इथलं बोलणं वऱ्हाडी-नागपुरी वळणाचं. पहिल्याच वाक्यात तुम्ही नदीला पुल्लिंगी करता. हशा. दुसऱ्या वाक्यात स्वतःला स्त्रीलिंगी. मोठा हशा, मागून माणसं धावत येतात. मास्तर पुटपुटतो, “चालू द्या साहेब, गर्दी वाढतेय.”

तुम्ही चालू देता. पाप, क्षमा, वधस्तंभ, तिसरा दिवस. एक म्हातारा कोष्टी पुढे सरकून अगदी पायांशी बसलाय. गळ्यात कंठी. कबीरपंथी असावा. तो शेवटपर्यंत ऐकतो. मग हात जोडून उभा राहतो.

“साहेब, देव एकच हाय म्हन्ता?”

“एकच.”

“मंग आमचा कोन्ता निराळा हाय जी?”

उत्तर तयार आहे. एडिंबरोत पाठ केलंय. तुम्ही ते सुरू करता, पण तोवर दुसरीकडून प्रश्न आलेला असतो. पगार किती? तिसरीकडून: लग्न झालं काय? तुमच्या मुलकात पाऊस येते काय? गाय खाता म्हन्तात, खरं काय? राणीनं पाठवलं काय? या प्रश्नांना तुम्ही भराभर उत्तरं देता आणि तुम्हाला वाटतं की आता जमलं, मांड बसली. तेवढ्यात मिरच्या विकणारी बाई, जी आत्तापर्यंत गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होती, मान न वळवता विचारते:

“इतक्या दूर आलास, तुही माय रडली नाही काय रे?”

बाजार गप होतो. इतका वेळ जे हसत होते ते सगळे खरंच उत्तराची वाट बघतायत. बंदरावरची ती सकाळ तुम्ही कुणापाशी बोललेले नाही. “रडली,” तुम्ही म्हणता. क्रियापद पहिल्यांदाच बरोबर लिंगात येतं. बाई मान हलवते, मूठभर मिरच्या कागदात बांधून तुमच्याकडे फेकते. पैसे घेत नाही.

कागद बघा. तुमचीच पुस्तिका आहे, मागच्या बाजारी मास्तरानं वाटलेली. चिडू नका. छापील कागद इथं दुर्मीळ, आणि मिरचीच्या पुडीतून तो जेवढ्या घरांत पोचतो तेवढा प्रवचनातून पोचला नसता.

दुपार राहुटीत काढायची. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कापड तापतं, आत गवताचा आणि मेणाचा वास कोंडतो, अंगात थोडी कसर वाटते, तुम्ही कडू क्विनाइन गिळता. अशा वेळी करंजिया आठवतं. अमरकंटकाच्या बाजूला १८४२ च्या सुमारास काही जर्मन पाद्री गोंडांमध्ये काम करायला गेले, आणि काही महिन्यांतच त्यांतले बहुतेक तिथल्याच मातीत पुरले गेले. ही हकिगत तुम्हाला नागपुरात पहिल्याच आठवड्यात ऐकवली होती. का ऐकवली, कुणास ठाऊक. धीर यावा म्हणून नक्कीच नव्हे.

ताप नसेल तर हातोडा घ्या आणि नाल्याकडे जा. हा हिस्लॉपसाहेबांचा नाद, हाताखालच्या सगळ्यांना लागतो. नागपूरजवळ टाकळीला हंटरसोबत फिरताना त्यांना दगडात गोड्या पाण्यातल्या शिंपल्या सापडल्या, तेव्हापासून ते कुठल्याही खडकाजवळून सरळ जात नाहीत. मांगलीला मिळालेल्या एका प्राचीन उभयचराच्या कवटीचं वर्णन पुढं १८५५ मध्ये लंडनच्या रिचर्ड ओवेननं केलं. तिकडे वर उमरेठला कोळसा आहे, त्याचं नागपूरकडच्या खडकांशी नातं काय, यावर हिस्लॉप त्याच वर्षी निबंध लिहिणार आहेत. तुम्हाला त्यांनी सांगून ठेवलंय की घाट चढताना काळा दगड कुठे संपतो ते नीट बघून ये. पाटलाचा माणूस झुडपाआडून तुमच्यावर नजर ठेवून आहे. सबंध लोधीखेड्याची खात्री आहे की साहेब गुप्तधन शोधतोय. प्रवचन हे नुसतं निमित्त.

दिवस कलतो. बाजार उठतो. आता खरी मजा, म्हणून जरा जागे राहा.

डोंगरातले गोंड अंधारात परत जात नाहीत. वाटेत वाघ असतो. ते तुमच्याच आमराईच्या दुसऱ्या टोकाला मुक्काम टाकतात. शेकोटी पेटते. मोहाच्या दारूचा आंबूस-गोड वास पसरतो. खानसामा नाक मुरडून “दोरै, तिकडे जाऊ नका” म्हणतो, म्हणजे जायला हरकत नाही. तुम्ही जाता, मास्तर कंदील घेऊन मागोमाग. पळसाच्या पानाचा द्रोण तुमच्यापुढे येतो. तुम्ही हात जोडून नको म्हणता. कुणाला वाईट वाटत नाही, उलट वाट्याला जास्त आली.

त्यांच्यात एक परधान आहे. परधान म्हणजे गोंडांचा भाट, त्यांच्या कुळांच्या आणि देवांच्या कथा तोंडपाठ असलेला. तो गुडघ्यावर किंगरी टेकवतो, तार पिळतो आणि गोंडीत सुरू करतो. मास्तरालाही गोंडी येत नाही. बाजारात मराठी बोलणारा एक म्हातारा गोंड तुमच्याजवळ सरकतो आणि ओळीमागून ओळ सांगत राहतो, मध्येच खोकतो, मध्येच परधानाला दुरुस्त करतो. धूर डोळ्यांत जातो, समोरची बाजू भाजते, पाठ गारठते.

गोष्ट लिंगोची आहे. गोंडांना महादेवानं गुहेत कोंडून ठेवलंय. इकडे लिंगो फुलातून जन्मतो, रानात चार भाऊ शिकारी राहतात, त्यांच्याकडे विस्तव नाही, मांस कच्चं खातात. दूर एका राक्षसाच्या शेतात धूर दिसतो. धाकट्याला विस्तव आणायला धाडतात, तो घाबरून पळून येतो, मग लिंगो स्वतः जातो आणि वाद्य असं वाजवतो की म्हातारा राक्षस नाचायला लागतो. इथं शेकोटीभोवती सगळे हसतात. एक तरुण उठून राक्षसाचं नाचणं करून दाखवतो, तुम्हीही हसता, आणि खिशातली वही कधी बाहेर आली ते तुम्हाला कळत नाही.

मग सूर बदलतो. भावांच्या बायका लिंगोवर खोटा आळ घेतात. भाऊ त्याला शिकारीच्या बहाण्यानं रानात नेतात आणि मारतात. मारून त्याचे डोळे काढतात आणि गोट्यांसारखे खेळतात. म्हातारा गोंड हे सांगताना विस्तवाकडे बघत राहतो. कुणी हसत नाही. लेकरंसुद्धा गप. वर देवांना कळतं की लिंगो मेला. कावळ्याकडून अमृत पाठवतात, ते प्रेतावर शिंपडतात, आणि लिंगो उठून बसतो. म्हणतो, झोप लागली होती. आणि भावांवर सूड न घेता गुहेतल्या आपल्या माणसांना सोडवायला निघतो.

तुमची पेन्सिल थांबलीय. दुपारी पारावर तुम्ही घसा फोडून काय सांगत होता? आपल्याच माणसांनी घात केला, मारलं, तो उठला, कोंडलेल्यांना सोडवायला गेला. या लोकांनी ते झाडाखाली उभं राहून ऐकलं होतं, शांतपणे, नवल न वाटता, आणि मग मीठ घ्यायला निघून गेले होते. आता कळतंय का.

मास्तरकडे बघा. तो तुमच्याकडे बघतोय. दोघांपैकी कुणीही प्रवचन सुरू करत नाही. मला विचाराल तर या सबंध दौऱ्यातलं तुमचं सगळ्यात चांगलं काम हेच, की या वेळी तुम्ही तोंड मिटून बसलात आणि म्हणालात, “मग?”

असं गाणं हिस्लॉपनी खरोखरच एका परधानाच्या तोंडून उतरवून घेतलं. छापून यायला ते स्वतः उरले नाहीत. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटजवळचे जुन्या दगडी वर्तुळांचे अवशेष पाहून परतताना ते पुराच्या नाल्यात बुडाले. त्यांच्या कागदांचं पुस्तक रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये काढलं, लिंगोचं गाणं त्यात आहे. पुढं जेम्स डॉसन नावाचा पाद्री छिंदवाड्यास राहिला आणि गोंडी शब्द, वाक्यं जमवत बसला. १८७० मध्ये त्याचा तो संग्रह कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला. शिकवायला आलेल्या या मंडळींनी इथून काय नेलं, ते त्यांच्या मंडळाच्या अहवालात फारसं सापडणार नाही. तिथं रकाने ठरलेले असतात. प्रवचनं किती, पुस्तिका किती, बाप्तिस्मे किती. लोधीखेड्यापुढे तुम्ही तिसऱ्या रकान्यात शून्य लिहाल. दुसऱ्यात मिरच्यांच्या पुड्या धरायच्या की नाही, हे मास्तरला विचारा.

पण रात्र अजून उरलीय. परधान थांबलाय, किंगरी खाली ठेवलीय. लिंगो गुहेपाशी पोचलाय आणि दगड काही हललेला नाही.

“पुढं?”

“पुढं मोठी गोस्ट हाय,” म्हातारा सांगतो. “तीन रात्रीची. तो आता झोपंल.”

“उद्या?”

“उद्या तो रामाकोन्याले जाते. तिथं त्याचा जजमान हाय. सौंसरले थांबत नाही.”

पहाटे आमराईत एकच गोंधळ उडालाय. सौंसरला दोन दिवस मुक्काम आणि तीन प्रवचनं, असा कागद हिस्लॉपसाहेबांच्या सहीनं तुमच्या पेटीत आहे. गोंड अंधारातच निघून गेलेत, परधान त्यांच्यासोबत. गाडीवान म्हणतो, एवढी मजल एका दिवसात मारायची तर बैल आत्ताच जुंपायला हवे. खानसामा म्हणतो, तांबटाकडे दिलेलं पातेलं कल्हई करून दुपारी मिळणार आहे, त्याशिवाय तो हलणार नाही. पाटील शेला सावरत हजर झालाय. साहेब अचानक निघाले म्हणजे ठेवा सापडलाच, अशी त्याची समजूत झालीय, आणि राहुटीखालची जमीन उकरून बघितल्याशिवाय त्यालाही तुम्हाला सोडायचं नाही. नारूवाल्या पोराचा बाप आणखी तिघांना घेऊन आलाय, तिघांनाही ताप आहे. क्विनाइनच्या पुड्या घाईघाईनं पानांवर घाला. सांडू देऊ नका.

“आणि सौंसर?” मास्तर विचारतो. त्याचं बोचकं बांधून झालंय, वही त्यानं आपल्याच खांद्यावरच्या झोळीत घातलीय.

“येताना,” तुम्ही म्हणता. “पातेलंही येताना. बैल जुंपा.”